माझी जीभ आणि सूनबाईंची प्रयोगशाळा

आमच्या घरात सगळ्यांत कमी शिकलेला मी. म्हणून घर मीच चालवतो.

सूनबाई छावणी भागात धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. त्या साली काढणीलाच पाऊस लागला आणि आमची पडेगावची ज्वारी थोडी भिजली. (थोडीच!)

सूनबाई म्हणाली, "मामा, बुरशीचं विष डोळ्याला दिसत नाय. रविवारी माझे बाबा जेवायला यायलेत. आधी तपासू, मग भाकरी."

"अगं, मग ही जीभ काय शोभेला हाय व्हय? भाकरीचा तुकडा तोंडात पडला की शेत सांगतो मी!"

शिवाय व्याह्यांना मी आधीच बोलून बसलो होतो, "आमची भाकरी खा, तुमचं खुलताबाद विसराल!" माघार कशी घ्यायची?

"तपासा," म्हटलं, "पण नमुना मी देणार!"

"मग सगळ्या पोत्यांतून, वरून-खालून मूठमूठ घ्या."

मूठमूठ? पोरगी बघायला पाव्हणे आले तर तिला शेणाच्या हातानं पुढं आणतो का आपण? मी ताटात ज्वारी पसरली, टपोरे दाणे वेचले, धुतले, फडक्यानं पुसले. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून घट्ट गाठ मारली. वरून काळी पिशवी. (नजर लागायची!) तेवढ्यात प्रयोगशाळेला जोडून सुट्ट्या आल्या, पिशवी पत्र्याखाली खुंटीला उकडत राहिली.

शुक्रवारी सूनबाई पिशवी घेऊन गेली. संध्याकाळी हसू दाबत आली.

"मामा, दाण्यांना हिरव्या मिशा फुटल्यात! विष तर मापाच्या बाहेर. धुतली होती का?"

"मग? पाव्हण्यांपुढं पारोशी पाठवू?"

"अहो, पण पोत्यांतली..."

"बास! ज्वारीचं नाव काढायचं नाय. दुकानाचं पीठ आणा!" आणि मी तोंड फिरवून बसलो.

रविवारी व्याह्यांनी पहिला घास घेतला. "वा पाव्हणं! काय गोडी हाय!"

"कसली गोडी?" मी तिसरी भाकरी मोडत म्हणालो. "दुकानाचं पीठ! नुसता भुसा. आमच्या ज्वारीपुढं ही काहीच नाय!"

आमच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला. सूनबाई हळूच म्हणाली, "मामा, तुम्ही पुढं ऐकूनच घेतलं नाय. सगळ्या पोत्यांतला नमुना मी वेगळा नेला होता. तो पास झाला. ही तुमचीच ज्वारी."

व्याही माझ्याकडं बघायला लागले. मी चौथी भाकरी ओढली. "तेच म्हणतोय मी! ज्वारी एक नंबर, थापणारीचा हात बिघडला!"

"थापल्या मी!" म्हातारी कडाडली.

तेव्हापासनं धान्य सूनबाई तपासते, भाकरी म्हातारी तपासते. माझ्या जिभेला फक्त गिळायचं काम उरलंय. तेही न बोलता!