आईची अमेरिका

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी फेरी मारतो त्याच्यापाशीही नाही. बोलायचं ठरवलं की मी नेमका दुसऱ्याच गोष्टीवर घसरतो. शिक्षकाची खोड — मूळ मुद्द्याला बगल द्यायची असली की प्रस्तावना लांबवायची. आताही तेच चाललंय, बघा. पण आज तुमच्यासमोर बसलोच आहे, तर शेवटपर्यंत जाईन म्हणतो.

मी बोईसरच्या एका ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचो. आता निवृत्त आहे. बारावीच्या अभ्यासात आधुनिक अमेरिकेच्या वाट्याला फार पानं येत नव्हती, पण मी ती ताणून ताणून दिवाळीपर्यंत न्यायचो. बाकीचा अभ्यासक्रम मग जानेवारीत धापा टाकत पुरा व्हायचा. महामंदीतल्या बँकांपुढच्या रांगा, चंद्रावर उतरलेली माणसं, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर आलेली कॉलेजची पोरं — सगळं रंगवून सांगायचो. त्यातही काळ्या लोकांच्या हक्कांचा लढा आला की मला स्फुरण चढायचं. बसमध्ये गोऱ्यांसाठी वेगळ्या जागा असायच्या, म्हणून एका शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. वर्षभर चालत कामाला गेले. आणि चालणाऱ्यांत कोण होत्या? गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, त्यांची मुलं सांभाळणाऱ्या बायका. “पुढाऱ्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत,” मी विचारायचो, “या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली?” माझा आवाज भरून यायचा. तो खोटा नव्हता, एवढं तरी माझ्या पदरात टाका. नाहीतर राहू द्या.

मुलांना वाटायचं, सर तिथे राहून आलेत, म्हणून इतका जीव ओतून शिकवतात.

मी अमेरिकेला कधीच गेलेलो नाही. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

मग मुलांना तसं का वाटायचं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. तारापूरला अणुवीज केंद्र बांधायचं काम चाललं होतं तेव्हा तिथे अमेरिकन इंजिनिअर आले होते, बायकामुलं घेऊन. त्यांच्यासाठी घरं बांधली होती. चिंचणीची आमची आळी मासेमारांची. आळीतल्या काही बायका मासळी सुकवायचं काम सासवांवर सोडून त्या घरांत कामाला जायला लागल्या. आणि त्या घरांच्या ओळीला आळीने नाव ठेवलं — अमेरिका. “हिराबाय कुटं हाय?” “अमेरिकेत गेली. दुपारी येल.” इतकं साधं. गोरे गेले, आपले साहेब राहायला आले, तरी नाव काही पुसलं नाही. आळीतल्या म्हाताऱ्या शेवटपर्यंत तसंच म्हणायच्या.

हिराबाय माझी आई. मी तान्हा होतो तेव्हा ती मला कडेवर घेऊन अमेरिकेत जायची. कुठल्याशा मॅडमच्या स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत लादीवर मी म्हणे रांगायला शिकलो. त्यावरून आळीत माझी चेष्टा व्हायची — “याला घरची जमीन टोचते, हा अमेरिकेत रांगलेला!” आईच्या अमेरिकेतून घरी काय यायचं? टॉवेलात गुंडाळलेला बर्फाचा तुकडा, तोही आळीत पोचेपर्यंत निम्मा वितळलेला. आणि एक कॉफीचा रिकामा डबा, ज्यात पुढे कित्येक वर्षं सुका जवळा भरलेला असायचा.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुण्या मुलाने विचारलं, “सर, तुम्ही अमेरिका बघितलीय का?” वर्गात कारखान्यांतल्या अधिकाऱ्यांची मुलं होती. चांगल्या बुटांची, इंग्रजी फाडफाड बोलणारी. मी आळीतलाच विनोद केला. म्हटलं, “अरे, मी अमेरिकेतच रांगायला शिकलो.” आळीत यावर हशा पिकला असता. इथे कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले — असं त्याआधी माझ्याकडे कुणीच बघितलं नव्हतं.

तास संपायला वेळ होता. दोन वाक्यांत उलगडा करता आला असता. मी खडू उचलला आणि फळ्याकडे वळलो.

बस्स, सुरुवात एवढीच. पण खोट्याला पाय नसले तरी पंख असतात. शिक्षकांच्या खोलीत गोष्ट गेली. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी माझी ओळख ‘बालपण अमेरिकेत गेलेले आमचे सर’ अशी करून दिली. पालक अदबीने बोलायला लागले. मग मला तपशील पुरवावे लागले. बर्फ कसा पडतो ते मी सांगायचो. वडील जहाजावर होते, म्हणून काही वर्षं तिकडे होतो, असंही सांगितलं. वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते — जहाज त्यांनी पाहिलं ते क्षितिजावर. बायकोला एवढंच माहीत होतं की मुलं मला ‘अमेरिकन सर’ म्हणतात. ती समजायची, विषयामुळे म्हणत असतील.

आणि आई? ती तेव्हा बोईसरला माझ्याकडेच राहायची. शेजारच्या बाईकडून तिच्या कानावर काहीतरी आलं असावं. एकदा भाजी निवडताना म्हणाली, “तुजा बापूस जहाजावर कदी होता रं?” मी म्हटलं, “आई, कॉलेजातल्या लोकांच्या गोष्टी वेगळ्या असतात.” तिने पुन्हा विचारलं नाही. आमच्या घरात एखादी गोष्ट पुन्हा विचारली नाही, म्हणजे ती समजली असं धरतात.

तर आता हर्षदा. इथवर आलो की माझं पाऊल अडखळतं.

हर्षदा चिंचणीची, आमच्याच आळीतली. आळीतली मुलं सहसा बोईसरपर्यंत येत नसत. हिचा बाप इथल्या कारखान्यात लागला होता, म्हणून ती आमच्याकडे आली. हजेरीत तिचं आडनाव आणि गाव वाचलं तेव्हाच मी तिच्याकडे न बघता पुढे सरकलो होतो. चोराच्या मनात चांदणं. पण पोरगी गुणी निघाली. बसवर बहिष्कार घालणाऱ्या त्या बायकांचा धडा तिने असा काही ऐकला की तास संपल्यावर माझ्यामागे येऊन विचारलं, “सर, अशा बायकांचा इतिहास कोण लिहितं?” मी छाती फुगवून म्हटलं, “तू लिही.”

त्या वर्षी मी प्रकल्पाला विषयच दिला होता — आपल्या दारातली अमेरिका. आपल्या भागाचा आणि अमेरिकेचा कुठे संबंध आला ते शोधा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वर्गापुढे उभं राहून सांगा. कुणी औषधांच्या कारखान्यांबद्दल सांगितलं, कुणी मिशनरी दवाखान्याबद्दल. सगळ्यांत चांगला प्रकल्प पालघरच्या प्रदर्शनात जायचा होता. विषय देताना माझ्या लक्षात आलं नसेल का, हा रस्ता कुठे जातो? आलं होतं. वाटलं, पोरं आळस करतील.

हर्षदाने आळस केला नाही. ती आजीकडे गेली, जानकीबायकडे. जानकीबाय म्हणजे माझ्या आईची जोडीदारीण. दोघी पहाटे निघायच्या आणि वाळूतून चपला हातात घेऊन चालायच्या. हर्षदा वर्गापुढे उभी राहिली आणि तिने ते सगळं सांगितलं — बायका कशा जायच्या, गोऱ्या मॅडमनी त्यांना केक करायला कसं शिकवलं, आणि मॅडम परत गेल्या तेव्हा त्यांच्या पोरांसाठी या कशा रडल्या. सुंदर बोलली. इतकी वर्षं शिकवून मला तसं सांगता आलं नव्हतं.

मग तिने माझ्याकडे हसून बघितलं आणि वर्गाला म्हणाली, “आणि गंमत म्हणजे, आपले सर अमेरिकेत रांगायला शिकले ते खरंच आहे. आमच्या आळीतल्या अमेरिकेत! माझी आजी आणि सरांची आई एकत्रच कामाला जायच्या.”

तुमच्या लक्षात येतंय ना? तिने मला उघडं पाडलं नव्हतं. तिच्या डोक्यात एवढंच होतं की सर याच अमेरिकेबद्दल बोलत होते आणि इतरांना ते कळलं नाही. तिने मला बाहेर पडायला वाट करून दिली होती. मी नुसतं हसून “बरोबर” म्हटलं असतं, तर माझं सगळं खोटं एका विनोदात जिरून गेलं असतं.

मी म्हटलं, “पुरावा काय?”

“आजी सांगते, सर.”

“आजी सांगते म्हणून इतिहास होत नाही. ऐकीव गोष्टीत माणूस आपल्याला हवं ते घुसडतो.” आणि एवढ्यावर थांबलो नाही. “स्वतःच्या आजीची धुणीभांडी दुसऱ्याच्या आईच्या माथी मारू नयेत.”

वर्ग हसला. मोठ्याने हसला. हर्षदा जागेवर जाऊन बसली. मी पुढचं नाव पुकारलं.

गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली. वर्गासमोर शिक्षकाच्या आईला मोलकरीण म्हटलं, हे त्यांना फार लागलं — आता यात कुणी कुणाचा अपमान केला होता, तुम्हीच बघा. त्यांनी हर्षदाला सांगितलं, सरांची माफी माग, नाहीतर प्रकल्पाचे गुण विसर. ती म्हणाली, “माझी आजी खोटं बोलत नाही.” प्राचार्यांनी मला विचारलं, काय करू या? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं.

रविवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर जानकीबाय आणि हर्षदा. जानकीबायच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी होती. आळीतून कुणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. बायको माहेरी केळव्याला गेली होती. घरात मी आणि आई.

जानकीबाय आईजवळ सोफ्यावर बसली, तिचा हात हातात घेतला. भांडायला आली नव्हती. हसत हसतच म्हणाली, “हिरा, हे पोर वर्गात खोटं पडलं बग माज्यामुलं. तू सांग गो, आपून दोगी अमेरिकेत जात होतो का नाय?”

आईने माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्यात विचारणा होती, दुसरं काही नाही. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी काय केलं? खाली बघून पेपराची घडी घालायला लागलो.

“जानकी,” आई म्हणाली, “तुजा कायतरी घोळ व्हतो. मी नाय गेली कदी. ती दुसरी कोन तरी असंल.”

जानकीबायने हात सोडला नाही. कितीतरी वेळ ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, मग एकदा माझ्याकडे. तिला सगळं कळलं होतं. तरी म्हणाली, “असंल बाय. वय झालं माजं. काय आटवतं, काय नाय.”

हर्षदाने आजीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा हट्ट ओसरला. आजीनेच कबूल केल्यावर ती काय करणार? निघताना दारात थांबून ती मला म्हणाली, “सर, आजीचा गोंधळ झाला. माझं चुकलं. मी खात्री करायला हवी होती.”

“असू दे,” मी म्हटलं. “माफ केलं. पुढच्या वेळी नीट तपासून बोलत जा.”

असं म्हणालो मी. याच शब्दांत. त्या जिना उतरत होत्या तेव्हा हर्षदाचा आवाज वर येत होता: “आजी, हे आता कुठं सांगत बसू नकोस हां.” आणि जानकीबाय म्हणाली, “नाय सांगत.”

पालघरच्या प्रदर्शनात औषधांचे कारखाने गेले. हर्षदाने पुढे इतिहास घेतला नाही. आता ती वाणगावला असते. एका कार्यालयात हिशेबाचं काम करते आणि रस्त्यात दिसली तर वाकून नमस्कार करते. जानकीबाय गेली. तिच्या मातीला आई गेली होती, मी गेलो नाही. आई आमच्याकडे आणखी काही वर्षं होती, पण त्या घरांबद्दल, मॅडमबद्दल, केकबद्दल तिने पुन्हा चकार शब्द काढला नाही. आधी नातवंडांना सांगायची, तेही बंद झालं. आळीतल्या बायका भेटायला यायच्या, त्याही हळूहळू यायच्या थांबल्या. मरेपर्यंत ती माझ्यासाठी त्या एका वाक्यावर टिकून राहिली.

माझी आई हिराबाय आणि जानकीबाय, दोघी तिथे कामाला जात होत्या. भांडी घासायच्या, कपडे धुवायच्या, दुसऱ्यांची मुलं सांभाळायच्या. हर्षदा वर्गात जे बोलली ते शब्दन्‌शब्द खरं होतं. तिला ते अजून माहीत नाही.