खेळाच्या सरांचं घड्याळ

नोकरीत खुनाचे, दरोड्याचे गुन्हे हाताळले. पण एका मनगटी घड्याळाची केस मला अजून जशीच्या तशी आठवते. तेव्हा मी वाशीम जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ठाणेदार होतो.

मेडशीकडच्या एका गावात खेळाचे निवृत्त सर राहत. अशाच एका सरांनी मला मैदानावर पळवलं, म्हणून आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, म्हणजे मी, पोलिसात भरती झालो. त्यामुळे खेळाचे सर म्हटले की मी आजही उठून उभा राहतो.

या सरांना माजी विद्यार्थ्यांनी मिळून घड्याळ भेट दिलं होतं. साठ वर्षांपूर्वीच्या घड्याळासारखं मुद्दाम घडवलेलं पण सेलवर चालणारं, मोजकेच नग काढलेलं, पाठीवर नगाचा क्रमांक कोरलेला. दुधाळ तबकडी, तिच्यात दोन छोट्या तबकड्या, फुगीर काच, तपकिरी चामडी पट्टा. कडेला दोन बटणं; ती दाबून धावण्याची वेळ मोजायची. निवृत्त होताना सरांना गळ्यातलं स्टॉपवॉच शाळेत जमा करावं लागलं होतं, हे पोरं विसरली नव्हती.

आठवड्याच्या आत ते घड्याळ घरातून गेलं. तक्रार सरांनी नाही, एका माजी विद्यार्थ्याने आणली. त्याचं गावात दुकान होतं.

“साहेब, त्या दिवशी सरच्या घरी एकच माणूस आला व्हता. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर.”

हा ड्रायव्हरही सरांचाच विद्यार्थी, एकेकाळचा चांगला धावपटू. सरांनी त्याचं नाव घ्यायला साफ नकार दिला. पण गावाने घेतलं होतं. काही पालकांनी मुलं व्हॅनमध्ये बसवणं बंद केलं, आणि शाळेने त्याला सांगितलं, हे मिटलं नाही तर गाडी दुसऱ्याला देऊ.

तालुक्याच्या बसस्थानकासमोरच्या घड्याळवाल्याकडून आमच्या हवालदाराला खबर मिळाली. व्हॅनवाला एक माणूस तसं घड्याळ घेऊन आला होता. महागाची वस्तू म्हणून घड्याळवाल्याने ती हातात घ्यायलाही नकार दिला होता.

मी ड्रायव्हरला बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. सराईत माणूस चहा पटकन संपवतो आणि दाराकडे बघतो. याच्या चहावर साय धरली.

“विकलं का?” मी विचारलं.

त्याने झटकन मान वर केली. “इकीन कसा साहेब? सरची चीज हाय ते.”

“मंग नेलं काहून?” माझ्या तोंडून वऱ्हाडीच निघाली.

तेव्हा त्याचा बांध फुटला. “बिघडवलं म्या, साहेब. सर आंदर चहा मांडून राह्यले व्हते. म्या घड्याळ हातात घेतलं. शेकंदाचा मोठा काटा मस्त फिरून राह्यला व्हता. बटन दाबलं न् थांबला. खालचं दाबलं त खटकन बारावर जाऊन बसला. मंग हालेच ना. भेवानं म्या पुना बटन दाबलंच नाई.”

“सरले सांगाचं ना.”

“कोन्या तोंडानं? वाटलं, आयतवारी अकोल्याले नेऊन दुरुस्त करतो न् गुपचूप ठेवून देतो.”

“अन् गाव तुले चोर म्हनून राह्यलं त्याचं?”

“म्हनू द्या. चोर म्हनलं त सर मानत नाईत. मोडलं म्हनलं त मानतीन.”

व्हॅनच्या पान्यांच्या डब्यात, स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं घड्याळ सापडलं. मोठा काटा खरंच बारावर उभा होता. पण छोट्या तबकडीत केसासारखा एक काटा फिरत होता. मी कानाला लावलं. टिकटिक चालू होती. वरचं बटण दाबलं आणि मोठा काटा सुरळीत निघाला. तो रोजचा सेकंदकाटा नव्हताच, शर्यत मोजायचा होता. ड्रायव्हरने त्याची पूर्ण फेरी पापणी न हलवता पाहिली.

मी सरांना बोलावून घेतलं. सगळं ऐकून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“अबे, मले तरी कुठं समजलं व्हतं? चालू केलं न् फिरते म्हनून तसंच फिरू देल्लं!” मग गंभीर होऊन ड्रायव्हरला म्हणाले, “घरी सोड मले. पन घड्याळ तुया हातात बांध.”

“नाई सर, माह्या हातात नोका...”

“बांध म्हनलं ना. न् गाडी गावाच्या मांगून नोको नेऊ, बाजारातून घे. मी समोर बसतो.”

चोरी झालीच नसल्याची नोंद स्टेशन डायरीत घेऊन, वस्तू सरांच्या ताब्यात दिल्याची त्यांची सही मी घेतली. हवालदार मोटारसायकलने त्यांच्या मागे गेला होता. परत आल्यावर त्याने सांगितलं, सरांनी व्हॅन बरोबर तक्रारदाराच्या दुकानासमोर थांबवली, ड्रायव्हरचा हात धरून खिडकीबाहेर काढला आणि हाक मारली, “पाह्य रे, कसं दिसते याच्या हातात?” दुकानदार गल्ला सोडून खाली उतरला. त्याने तो हात दोन्ही हातांत घेतला.

मी माल हस्तगत केला होता. त्या माणसाची अब्रू मात्र सरांनी परत मिळवून दिली; तेवढा अधिकार कुठल्याच ठाणेदाराला नसतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक सवय पाळली. समोर बसलेल्या माणसाला ‘वस्तू कुठे ठेवली’ हे विचारण्याआधी ‘का नेली’ हे विचारायचं, आणि तो बोलेपर्यंत थांबायचं.