जकोबीला पुन्हा एकदा बघायला हवं

अल्सीड गिड्री चेंडूकडे बघत नसे. सगळं मैदान माना वर करून हवेतल्या चेंडूमागे बघत असायचं आणि हा गडी फेकणाऱ्याच्या पायांवर नजर रोवून बसलेला. हात खोटं बोलतो, पाय बोलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी शाळाशाळांतून क्वार्टरबॅक हेरायचे, म्हणजे ज्याच्या हातातून सगळा डाव सुटतो तो पोरगा निवडायचा, या एका कामात त्याचे केस पिकले होते. दक्षिण लुइझियानाच्या त्या उसाच्या पट्ट्यात त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चारपाच फेकी पाहिल्या की त्याचं मनाशी ठरायचं, मग उरलेला वेळ तो कुंपणाला टेकून भाताचे सॉसेज चघळत काढायचा.

अशा माणसाचं घोडं जकोबी बतिस्तपाशी अडलं, आणि महिना झाला तरी हलेना.

जकोबी ज्या शाळेकडून खेळायचा तिचा कोच लुसियन. अल्सीडचा एकुलता एक मुलगा. फोन त्यानेच केला होता, कित्येक वर्षांनी. "कोच गिड्री, माझ्याकडे एक मुलगा आहे. येऊन बघा." बस्स, एवढंच.

"आवाज कसा वाटला त्याचा?" अर्लीनने चुलीपाशी उभ्या उभ्या नवऱ्याला विचारलं.

"कोचसारखा."

"म्हणजे तुझ्यासारखा," ती म्हणाली. त्या दिवशी गंबोच्या रश्शात मीठ दोनदा पडलं आणि दोघांनीही ते मुकाट खाल्लं.

झालं होतं असं. लुसियन स्वतः क्वार्टरबॅक होता आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याचं नाव बापाच्याच कॉलेजात निघालं. तिथला रिवाज असा, की पोरगा ज्याने सगळ्यात जवळून पाहिला त्याने आधी बोलायचं. निवडीच्या बैठकीत सगळे अल्सीडकडे बघायला लागले. तो गप्प बसला असता तरी चाललं असतं, बाकीच्यांनी सांभाळून घेतलं असतं. पण याच्या अंगात सचोटी संचारलेली. "पाय जड आहेत. आपल्या कामाचा नाही," तो म्हणाला, तेही आदल्या संध्याकाळचा एकच सामना पाहून. लुसियनला ते बाहेरून कळलं. तो भांडला नाही. बापाला 'कोच' म्हणायला लागला, आणि घर सोडलं. आईशी तेवढा सणासुदीला बोलायचा.

जकोबीला बघायला अल्सीडला चार फेकीही लागल्या नाहीत. मागचा पाय रोवला जायचा, कंबर वळायची, मग हात सुटायचा, सगळं लोण्यात सुरी फिरावी तसं. झेल सोडणाऱ्या भिडूला शिव्या नाहीत, उलट पाठीवर थाप. असा पोरगा दहा वर्षांत एकदा दिसतो, हे अल्सीडला कळलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की 'हो' म्हटलं की इथलं काम संपलं. मग या कुंपणापाशी उभं राहायला आपल्याला कोण बोलावणार?

शिट्टी गळ्यात अडकवलेला लुसियन आला. "काय म्हणता, कोच?"

"डावीकडे पळत फेकताना बघायला हवं," अल्सीड म्हणाला. "पुन्हा येतो."

पुढच्या वेळी वारा नव्हता, म्हणून वाऱ्यात बघायचं राहिलं. त्याच्या पुढच्या वेळी चेंडू कोरडा होता. मग म्हणाला, जिंकताना सगळेच शहाणे असतात, हरताना बघू. संघ मेला हरेचना. म्हाताऱ्याला नाचता येईना आणि अंगण वाकडं! घरी अर्लीन त्याच्या हातात लुसियनसाठी अंजिराच्या मुरंब्याची बरणी द्यायची आणि विचारायची, "आज काय उरलंय बघायचं?"

उरलं होतं ते हे, की लुसियनच्या कानशिलावर केस पांढरे झालेत. की पोरांना ओरडताना तो मान चोळतो, अगदी लहानपणी चोळायचा तशी. जन्मभर पाय बघणारा माणूस आता जकोबीचे पाय सोडून भलतीकडेच बघत होता, आणि त्याचं मन भरत नव्हतं.

मग कॉलेजातून मुख्य कोचचा फोन आला. "जागा एकच आहे, अल्सीड. दुसरा पोरगा दारात उभा आहे. हो की नाही?"

त्या दुपारी अल्सीड मैदानावर पोचला. जकोबीचा मागचा पाय फरपटत होता. फेकण्याआधी पोरगा थबकत होता. चेंडू एकदा आखूड पडला, मग पुन्हा पडला.

जकोबी धापा टाकत कुंपणापाशी आला. "सर, माझं नेमकं काय चुकतंय? तुम्ही बोलत नाही, म्हणून मी पाय ठेवायची पद्धत बदलून बघतोय. सांगा ना, सुधारतो मी."

मागून आलेल्या लुसियनने पोराला पाणी प्यायला पिटाळलं.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "तुम्ही सॉसेज काढलं तेव्हाच मी ओळखलं. माझं एका संध्याकाळीत ठरवलंत, कोच. याला महिना?"

"त्याच्यासाठी मी एकदाच आलो," अल्सीड म्हणाला. "बाकी सगळ्या वेळा तुझ्यासाठी आलो."

लुसियन मान चोळत राहिला. दूर कुठेतरी ऊस जाळल्याचा धूर चढत होता. "आधी जाऊन त्याला सांगा," तो शेवटी म्हणाला, आणि मैदानातले खुणेचे शंकू गोळा करायला निघून गेला.

अल्सीडने सांगितलं. "तुझं काहीही चुकत नव्हतं, बाळा. चुकत होतो तो मी." जकोबी गवतावर मटकन बसला आणि सदऱ्यात तोंड खुपसून रडला. मग अल्सीडने कॉलेजला फोन लावून 'हो' कळवलं. काम संपलं.

शुक्रवारी सामना होता. अर्लीनने त्याची टोपी खुंटीवरून काढून त्याच्यापुढे धरली.

"तिथलं काम संपलं माझं," तो म्हणाला.

"मग बिनकामाचा जा."

मैदानाच्या फाटकावर तिकिटं फाडायला मिस युला बसली होती. तिने हसून हात हलवला. "जा, जा कोच. कॉलेजच्या माणसांना कसलं तिकीट?"

"आज कॉलेजकडून नाही आलो." त्याने पैसे पुढे केले. "मी लुसियनचा बाप."

मिस युलाने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. "मग वर गॅलरीत कशाला जाता? कोचच्या घरच्यांची जागा खाली, संघाच्या बाकामागे. मी दर मोसमात राखून ठेवते. कुणी येतच नाही."

अल्सीड तिथे जाऊन बसला. समोर हातभर अंतरावर लुसियन पाठमोरा उभा होता. त्याने वळून पाहिलं नाही. अल्सीड सामना संपेपर्यंत त्या पाठीकडे बघत राहिला.