लांबुडा, चष्म्या आणि नायनांची डबल चादर

आमच्या ओसरीवरचा एक किस्सा सांगून होईस्तोवर दुसरा घडलेला असतो. सोलापुरात पाणी साठवावं लागतं, किस्से आपोआप साठतात! शाहीन म्हणाली, "अगे, ये सब लिख डाल ना बा!" म्हणून लिहायला घेतलंय. कुणी भांडायला आलं तर शाहीनचं घर शेजारीच आहे, आधी तिकडं जायचं.

माणसं सांगते. मी कविता, शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात काउंटरला असते. अम्मा म्हणजे माझी आई. आमचं घर तेलुगू, म्हणून अम्मा. ती घरी बसून विड्या वळते. समोरची नरसक्कापण विड्या वळते आणि उरलेल्या वेळात लोकांची लग्नं जुळवते. दोघी मांडीवर सूप घेऊन ओसरीवर बसतात. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. इतक्या वर्षांत हातांना सगळं पाठ झालंय, त्यामुळं डोळे रिकामे!

त्या रिकाम्या डोळ्यांपुढं शाहीननं एका रविवारी मोबाईल टेकवून ठेवला. थायलंडची सिरीयल. दोन पोरं, एकाच कॉलेजात, एकमेकांच्या प्रेमात. असलं मी आणि शाहीन एरवी चोरून बघायचो. मला वाटलं, आता अम्मा उठणार आणि झाडू आणणार. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन मी चप्पल काढतेय तोच आतून हाक, "कविता, चहा ऱ्हाऊ दे, आधी ती पोरं लाव!"

उंच पोराचं नाव लांबुडा, दुसऱ्याचं चष्म्या. खरी नावं आमच्या जिभेला झेपली नाहीत.

*

आता या सिरीयलीत खाली इंग्रजी अक्षरं येतात. ती वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडं. पगार शून्य, शिव्या फुल्ल. जरा थांबले की नरसक्का ओरडणार, "बोल की गं, तोंडात काय गुळणी हाय का!"

पण मी वाचताना गाळायचे. 'बॉयफ्रेंड' आलं की 'दोस्त' म्हणायचे. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' आलं की, "तो म्हणतोय, तू लई चांगला माणूस आहेस." शाहीन ओढणीत तोंड खुपसून हसायची.

एकदा लांबुड्यानं चष्म्याला भिंतीशी गाठलं, चष्मा काढला आणि सरळ किस! अक्षरंच नाहीत, मग वाचणार काय? दोन्ही सुपांतले हात थांबले.

मी म्हटलं, "ते... त्याच्या डोळ्यात कचरा गेलाय. हा फुंकर घालतोय."

नरसक्कानं मान वाकडी करून नीट बघितलं. "एवढा वेळ? डोळा हाय का गोदाम?"

अम्मानं सूप सारखं केलं. विडीला दोरा बांधला आणि पुढचं पान घेतलं.

*

मी का गाळत होते, ते सांगायलाच पाहिजे.

माझा भाऊ, श्रीनू अण्णा, पुण्यात नोकरीला असतो. गेल्या दिवाळीत गच्चीवर आकाशकंदील लावता लावता तो एकदम म्हणाला, "कवी, अमोल नुसता रूममेट नाही." माझ्या हातातली वायर तशीच राहिली. मग तोच म्हणाला, "अम्माला सांगू नको. नायना गेल्यावर ती माझ्याकडं बघून जगलीय. तिनं मला घराबाहेर काढलं तर मी काय करू?" एवढा मोठा माणूस, पण डोळे भरले होते. मलाही रडू आलं. खालून अम्मा ओरडत होती, "कंदील लावताय का बांधताय रे?"

नायना म्हणजे आमचे वडील. चादरीच्या कारखान्यात मागावर होते. जायच्या आधी त्यांनी एक डबल चादर विणून आणली, लाल-पिवळी, चांगली जड. "श्रीनूच्या लग्नाला," म्हणाले. ती ट्रंकेत. पाहुणे आले, थंडी पडली, तरी ती चादर बाहेर येत नाही. आणि नरसक्का दर पंधरवड्याला नवीन पोरीचा फोटो घेऊन हजर! अण्णा प्रत्येक पोरीत खोट काढायचा. एकीबद्दल म्हणाला, लई हसरी आहे! ही काय खोट झाली? अम्मा म्हणायची, "त्याचं झालं की तुझं करू." म्हणजे माझीपण गाडी सिग्नलला उभी.

आता अशा घरात मी 'बॉयफ्रेंड' मोठ्यानं कसं वाचायचं, तुम्हीच सांगा!

*

लांबुडा शिकायला परदेशी निघाला तो भाग आम्ही रविवारी बघितला. एअरपोर्टची बस सुटली, चष्म्या मागं पळतोय, पाऊस, रडारड. शाहीननं ओढणी ओली केली. नरसक्कानं अख्ख्या थायलंडला शिव्या दिल्या. अम्माचे हात चालू.

सोमवारी अम्मा माल द्यायला कारखान्यात गेली. तिथला चेकर विड्या तपासून घेतो. त्यानं एक बंडल उचललं, बोटांनी दाबलं, "काय हो मावशी, कधी नाही ते सगळ्या ढिल्या? तब्येत बरी नाही का?"

अम्मा म्हणाली, "त्यो पोरगा बसमधी बसून गेला की! मग दोरा कसा आवळू?"

चेकरला वाटलं, श्रीनूच कुठं गेला. त्यानं ढिल्या विड्या बाजूला काढल्या, पण लई समजूत घातली. म्हणाला, पोरं जातात मावशी, येतात परत. पुढच्या आठवड्यात विड्या कडक आल्या. त्यानं बंडल दाबून बघितलं आणि खूश होऊन विचारलं, "आला वाटतं पोरगा?"

"आला की!" अम्मा म्हणाली. "एअरपोर्टवरनंच माघारी आला."

*

पाणी! सोलापूरच्या माणसाला कुठल्याही सुखातनं उठवायचं असेल तर एवढा एकच शब्द पुरतो.

दोघांचं भांडण झालेलं. लांबुडा चष्म्याच्या दारात उभा. दार उघडलं. आता तो सगळं बोलणार, महिनाभर ज्याची वाट बघितली ते बोलणार, मी घसा साफ केला, आणि बोळातनं कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

सुपं खाली, घागरी वर! अम्मा मोटर लावायला, नरसक्का पाइप धरायला, मी बादल्या, शाहीन तिच्या घरी. गडबडीत मोबाईल बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळी भांडी भरून, तपेलीसुद्धा भरून, ओल्या साड्यांनी येऊन बघतो तर काय, सिरीयलीत सकाळ झालेली, दोघं एका पांघरुणात झोपलेले!

नरसक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आपण पाणी भरलं तवर ह्यांचा संसारबी लागला?"

आणि अम्मा काय म्हणाली असेल? "पांघरूण किती पातळ दिलंय बघ पोरांना. ह्यांच्याकडं चादर मिळत न्हाय का?"

*

शेवटाला लांबुड्याचा ॲक्सिडेंट झाला. आता ह्या सिरीयलवाल्यांना कोण सांगणार, की बाबांनो, सगळं सुखात चाललंय तर मध्येच ट्रक कशाला आणता? पण नाही!

नरसक्कानं तिथंच हात जोडले. "पोरगा उठू दे, नारळ फोडीन." दुसऱ्या दिवशी पोरगा उठला. नरसक्का बोललेलं फेडणारी बाई. मला ओढत देवळात घेऊन गेली. पुजाऱ्यानं नारळ घेतला, अर्चनेसाठी विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"लांबुडा आन् चष्म्या."

पुजाऱ्यानं वर बघितलं. "गोत्र?"

नरसक्का माझ्याकडं बघायली. मी जमिनीकडं. मागं रांग वाढायली.

"थायलंड!" नरसक्का ठणकावून म्हणाली.

पुजारी भला माणूस. डोळे मिटून म्हणून टाकलं. प्रसाद आम्ही सगळ्यांनी खाल्ला, शाहीननं खोबरं जास्त मागून घेतलं.

*

पुढची सिरीयल कोरियाची. त्यात आईला पोराचं कळतं आणि ती त्याला जेवता जेवता ताटावरून उठवून घराबाहेर काढते. मी वाचायचंच बंद केलं. म्हटलं, "डोकं दुखतंय," आणि आत जाऊन पडले.

तर बाहेर शाहीननं वाचायला घेतलं! ती कशाला गाळतेय? "अम्मा, वो बोल रहा, मैं उससे प्यार करता. दोस्त नै, प्यार! ये कविता ना, सब झूट सुनाती तुमको!"

मी उशीत तोंड घातलं. संपलं म्हटलं, आज मोबाईल नळाखाली.

अम्माचा आवाज आला, "मला काय डोळे न्हाईत का गं? पयल्या दिवसापासनं म्हाईत हाय. ती लाजती, म्हणून मी गप बसते."

डोळ्यात कचरा, लई चांगला माणूस, सगळं ऐकून घेत होती बाई! मला हसू यावं का रडू, कळेना. तेवढ्यात अम्मा तडकली, पण त्या कोरियन आईवर. "भांडायचं तर भांड की! जेवत्या पोराचं ताट कुठली आई वडती?" नरसक्का म्हणाली, "अगं, पण लोक काय म्हणतील?" त्यावर बाहेरून नुसता पान कापायचा आवाज आला.

संध्याकाळी अम्मानं अण्णाला फोन लावला. जेवलास का, हे रोजचंच. मग म्हणाली, "अमोल जेवला का?" हे कधीच विचारलेलं नव्हतं.

मी अण्णाला मेसेज केला, एकदा ये घरी. त्याचं उत्तर आलं, "सिरीयलीतली पोरं परक्याची असतात, कवी."

*

तरी आला. एका रविवारी सकाळी, आणि एकटा नाही. अमोल कुर्डुवाडीचा, वडील रेल्वेत. लाजरं पोरगं, चष्मा लावतं! शाहीननं मला असा चिमटा काढला की चार दिवस वळ होता.

अम्मानं गोड शेंगापोळ्या केल्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. दोघं शेजारी बसून जेवायले. अण्णाच्या कपाळावर घाम, चटणीचा नव्हे. आणि नेमकी नरसक्का आली, हातात अक्कलकोटच्या पोरीचा फोटो! अण्णापुढं फोटो ठेवला आणि अमोलला म्हणाली, "तुमचं झालं का हो लगीन?"

अमोलला ठसका! डोळ्यातनं पाणी, नाकातनं चटणी. अण्णानं काही विचार न करता स्वतःचा पेला त्याच्या तोंडाला लावला, दुसऱ्या हातानं पाठ चोळायला लागला आणि त्याचा चष्मा काढून आपल्या शर्टाला पुसायला लागला.

हे सगळं आम्ही सिरीयलीत कितीदा बघितलंय! नरसक्काचं तोंड उघडं. शाहीन दुवा पुटपुटायली. अण्णाला कळलं, आपण काय करतोय, आणि त्याचा हात अमोलच्या पाठीवर तसाच थांबला. तो अम्माकडं बघायला लागला. मी त्याच्याकडं बघू शकले नाही.

अम्मानं अमोलच्या ताटात अजून एक शेंगापोळी वाढली. "सावकाश खावा. तूप घ्या." फोटो उचलून नरसक्काच्या हातात दिला.

जेवणं झाली, चहा झाला. दुपारच्या गाडीला निघायची वेळ झाली. दोघं बूट घालायले आणि आतून ट्रंकेचं झाकण वाजलं.

अम्मा बाहेर आली ती नायनांची चादर घेऊन. डांबरगोळीचा वास सुटलेला. तिनं ती अमोलच्या हातात ठेवली. अमोलला काय माहीत! म्हणाला, "काकू, एवढी भारी कशाला?" अण्णाला माहीत होतं. तो एक बूट घातलेला, एक हातात, तसाच उभा.

"अम्मा... ही तर..."

"पुण्यात थंडी लई," अम्मा म्हणाली. "आन् धुताना ध्यानात ठेवा. डबल चादर वली झाली की एकट्याच्यानं पिळत न्हाय. दोघांनी दोन टोकं धरायची."

अण्णा रिक्षात बसेपर्यंत रडत होता. रिक्षा बोळातनं वळली. अम्मा येऊन बसली, सूप मांडीवर घेतलं.

नरसक्काला राहवेना. "अगं, ती चादर लग्नाची व्हती की!"

"व्हय," अम्मा म्हणाली, आणि माझ्याकडं वळली. "तू काय रडायलीस? मोबाईल लाव. आन् आज नीट वाच."