सिस्टर स्क्रीनकडे पाहत होती

मला हार्ट अटॅक आलाय, हे टॅबलेटच्या पडद्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं. "ताई, हा मोठा अटॅक आहे. आता लगेच..." एवढंच ते बोलले आणि माझ्या दिराने, गजाननने, तो टॅबलेट भिंतीवर आपटून फोडला.

सकाळपासून माझा जबडा दुखत होता. डावा खांदा भरून आला होता. ॲसिडिटीची गोळी घेऊन मी मोताळ्याच्या बाजारात गेले. बायांना अटॅक असाही येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. वांग्यांच्या ढिगासमोर भडाभडा ओकले, आणि मग छातीत कुणी मुसळाने कांडतंय असं झालं.

गजाननने जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात आणलं. मागून अर्धं घर आलं.

सिस्टरने ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. इथे हृदयाचे डॉक्टर नाहीत. आलेख टॅबलेटवरून शहरातल्या तज्ज्ञांकडे जातो आणि ते पडद्यावर येऊन उपचार सांगतात. ती त्यांचीच वाट बघत होती. पण आमच्याकडे पेशंटसोबत आलेला माणूस दवाखान्यात भांडला नाही, तर त्याला माया नाही असं धरतात. गजाननला माया दाखवायची भारी हौस.

"वहिनी मरून राह्यली अन् ही मोबाइल पाहून राह्यली!" असं म्हणत त्याने तिला ढकललं. तिचं कपाळ ट्रॉलीच्या कडेवर आदळलं. तेवढ्यात डॉक्टर पडद्यावर आले, बोलू लागले, आणि त्याने टॅबलेट हिसकला.

काचा माझ्या पलंगावर उडाल्या. सिस्टरच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. मला इतका संताप आला की दुखणं क्षणभर मागे पडलं. गजानन जवळ वाकला तशी मी मोकळ्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली.

"तुया मोबाइल दे तिले," मी म्हणाले. "मले जगायचं हाय."

त्याने दिला. सिस्टरने रक्त पुसत त्यावरून तोच व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्याच्याच हातात धरायला दिला. धावत आलेल्या इथल्या डॉक्टरांनी तज्ज्ञांच्या सांगण्यावरून थ्रॉम्बोलिसिस केलं, म्हणजे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं.

नंतरचं मला आठवत नाही, सिस्टरने पुढे सांगितलं ते असं. ठोक्यांची लय बिघडून हृदय नुसतं थरथरू लागलं. त्याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. विजेचा शॉक दिला. माझं अंग पलंगावरून उसळलं, सिस्टरने छाती दाबून दाबून दोन फासळ्या मोडल्या, पुन्हा शॉक. हे सगळं गजाननने फोन धरून पाहिलं. 

पुढे शहरात नेऊन स्टेंट घातला, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. घरी आले आणि सिस्टरने गजाननविरुद्ध पोलिसांत केलेल्या तक्रारीत साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं. घरात गहजब झाला. सासूबाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मी साक्ष मागे घेणार नाही.

तपासणीला गेले तेव्हा तीच सिस्टर ईसीजी काढत होती. माझ्या छातीवरचे शॉकचे डाग फिकट झाले होते. तिच्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता. मी तिचा हात धरला आणि मला रडू फुटलं.

"हलू नका ताई," ती म्हणाली, आणि नव्या टॅबलेटच्या पडद्याकडे पाहू लागली.

गजानन दाराबाहेर सिस्टरकडे बघत हात जोडून उभा होता.