पाठमोरं गाव

गिब रॅन्किनला ग्लासगोजवळच्या आमच्या कर्कीतल्या प्रत्येक घराचं पुढचं दार माहीत होतं, मागचं एकही नाही. एकतीस वर्षं त्यानं आमच्या गावात बस चालवली. माझ्या थोरल्या बहिणीचा, नेट्टाचा, तो नवरा. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्याचं बरंवाईट मला नेट्टाच्या आधी कळायचं, असं ती अजून म्हणते.

त्याची नजर गेली तेव्हा त्याला स्वतःलाच कळलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं एका यंत्रात तोंड घालायला लावलं आणि सांगितलं, दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. गिब बाहेर येऊन म्हणाला, "यंत्र बिघडलंय त्यांचं. डावीकडचे दिवे लागतच नाहीत." दिवे लागत होते. काचबिंदूनं त्याची डाव्या बाजूची नजर खाऊन टाकली होती. लायसन्स परत करावं लागलं. साठीला दोन वर्षं कमी असताना तो घरी बसला.

दोन महिने तो खिडकीत होता. बस दिसली की घड्याळ बघायचा. एकदा नेट्टा माझ्याकडे येऊन रडायलाच लागली. म्हणाली, "अगं, बस थांब्यावर आली की हा उठून उभा राहतो. आणि गेली की बसतो. दिवसभर उठबशा चालल्यात."

माझ्या शेडमध्ये एक सायकल होती. मीच म्हटलं, गाड्यांच्या रस्त्यावर नको, पण कॅनॉलच्या काठानं काय हरकत आहे? तिथे मोटारींना मज्जाव. पूर्वी नाव ओढणारे घोडे ज्या वाटेनं चालायचे तीच वाट, सपाट, चढउतार नाही. शिवाय रूळ उखडून टाकलेल्या जुन्या रेल्वेचीही वाट आहे, ती पार कॅम्प्सीच्या डोंगरापर्यंत जाते. लहान पोरं चालवतात तिथे.

नेट्टा म्हणाली, "आणि पाण्यात गेला म्हणजे?"

"पोहता येतं मला," गिब म्हणाला.

"कधीपासून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाकात हवा भरताना दिसला.

मी त्याला एकच नियम सांगितला. पाणी उजव्या हाताला ठेवलंस की ट्वेचर येतं, डाव्या हाताला ठेवलंस की ग्लासगोच्या बाजूला जातोस. इतकं सोपं. ट्वेचर तीन मैलांवर. चहा पिऊन परत ये.

साडेतीन तासांनी तो आला. बूट चिखलानं भरलेले, चेहरा असा की कुणी त्याच्याच घरातून त्याला हाकलून दिलंय. झालं होतं ते असं. गावात एका ठिकाणी दुसऱ्या काठालाही नवी वाट केलीय. गिब पूल ओलांडून त्या काठाला गेला आणि माझा नियम तिथेच बुडाला. पुढे कॅनॉलच एका पुलावर चढून लगी नदीच्या अंगावरून जातो, आणि त्याच्या खालून जुन्या रेल्वेची वाट. गिब खालच्या वाटेला उतरला, वर पाहिलं तर डोक्यावरून पाणी चाललेलं. तिथे त्याचं डोकं फिरलं. एक म्हातारा गळ टाकून बसला होता, त्याला यानं विचारलं, "कर्कीला कसं जायचं?"

म्हातारा म्हणाला, "कर्कीतच उभा आहेस, बाबा."

"अगं, मी एकतीस वर्षं या गावात गाडी चालवली," गिब माझ्या टेबलाशी बसून सांगत होता. "पण तिथून दिसतात ती परसं, कचऱ्याचे डबे, वाळत घातलेल्या चड्ड्या. एकाही घराचं तोंड माझ्याकडे नाही. पूल येतो, पण पुलावर नाव नाही. नाव वरच्या बाजूला लिहिलंय, गाडीवाल्यांसाठी! खालच्यानं काय करायचं? आणि ते पाणी! नदी असती तर निदान कुठेतरी वाहिली असती. हे नुसतं पडून आहे. कुठून आलं, कुठे चाललंय, काही पत्ता नाही."

मला हसू आलं, पण त्याचे हात कपाभोवती घट्ट आवळलेले पाहून मी त्याला आणखी चहा ओतला.

तरी तो जात राहिला. रोज जायचा, रोज चुकायचा. किलसाइथला निघाला की भलत्याच दिशेच्या लेनॉक्सटाउनला पोचायचा. डावीकडचं दिसावं म्हणून घुबडासारखी मान फिरवत चालवायचा, त्यात वळणं हुकायची. घरी आला की नकाशा पसरायचा आणि तास तास बोटानं शोधायचा, आपण नेमके होतो कुठे. नेट्टा म्हणायची, "कामावरून काढल्यावर माणसं दारू पितात. हा हरवतो."

मग ऑक्टोबरातली ती सकाळ आली.

वाटेवर ओल्या पानांचा लगदा झाला होता. एका वळणावर गिबला एक बाई पडलेली दिसली. साठीसत्तरीची, अंगात लाल कोट, शेजारी तिचा स्पॅनिअल कुत्रा भुंकतोय. पाय असा वाकडा की गिबनं लगेच नजर वळवली. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानं अंगातलं जाकीट काढून तिच्यावर घातलं आणि तातडीच्या मदतीचा नंबर, नऊ-नऊ-नऊ, लावला. त्याचा फोन जुना, बटणांचा, जागा दाखवणारा नाही.

पलीकडच्या बाईनं विचारलं, "कुठे आहात तुम्ही?"

गिबनं चारी बाजूंना मान फिरवली. हा माणूस अंगावर धुकं असताना थांब्याला इंचभर चुकला नव्हता.

"कॅनॉलवर," तो म्हणाला.

"कॅनॉल मोठा आहे हो. रस्ता कुठला? जवळ काय आहे?"

"झाडं आहेत."

त्यानं पडलेल्या बाईला विचारलं, "आपण कुठे आहोत?" ती दात आवळून म्हणाली, "हंसांच्या वळणावर." फोनवरच्या बाईला हंसांचं वळण माहीत नव्हतं. गिबलाही नव्हतं. पुढचा पूल कुठला म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "रॉबचा पूल." कोण रॉब, तेही त्याला माहीत नाही. पुढे मला सांगताना तो म्हणाला, "मला वाटलं, ही बाई दुसऱ्याच देशात पडलीय, आणि मी तिसऱ्याच."

तेवढ्यात झाडांच्या मागे, वरच्या अंगाला, फुस्स झालं. बसचं दार उघडलं होतं. मग ते मिटलं, आणि चढावर गाडीनं गिअर बदलताना जो एक कण्हल्यासारखा आवाज येतो तो आला. गिबनं डोळे मिटले. चढाला लागून लगेच गिअर टाकावा लागतो असा थांबा त्या मार्गावर एकच. तो फोनमध्ये ओरडला, "ब्लॅकथॉर्न रोड! बेकरीसमोरचा थांबा! त्याच्या बरोबर खाली!"

सात मिनिटांत अँब्युलन्स आली. अगदी बेकरीसमोर. हिरव्या गणवेशातली एक पोरगी आणि तिचा जोडीदार सामान घेऊन उतारावरून धावत खाली आले आणि थबकले. कारण बेकरी होती पलीकडच्या काठाला. मधे पंधरा मीटर काळं पाणी.

पोरगी ओरडली, "तिकडे कसं यायचं?"

"मला माहीत नाही!" गिब ओरडला.

"जवळचा पूल कुठे आहे?"

"माहीत नाही! रॉबचा आहे म्हणे!"

लाल कोटवाली बाई इतकं दुखत असतानाही हसली. ती शीना ऑर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, गिबच्या बसनं पंधरा वर्षं कामाला जाणारी. म्हणाली, "ओळखलं मी तुला. सगळ्यांना दारात उतरवायचास, आणि मला मात्र समोरच्या फुटपाथवर!" एवढं बोलली आणि तिचे ओठ पांढरे पडले. गिब तिचा हात धरून बसला. गाडी फिरवून पुलावरून वाट काढायची तर त्या अरुंद वाटेवर अँब्युलन्स येणार नव्हती. स्ट्रेचर पाऊण मैल ढकलत आणावं लागणार होतं.

सुटका झाली ती वेगळ्याच दिशेनं. वळणावरून एक लांबडी सहलीची होडी आली. आत वृद्धाश्रमातली चौदा माणसं, पांघरुणं, किटल्या, चहाबरोबरचे छोटे गोड पाव, म्हणजे स्कोन. होडी चालवणारा ड्यूगल नावाचा दाढीवाला. त्यानं दोन्ही काठांवरचा आरडाओरडा ऐकला, इंजिन मंद केलं आणि होडी आडवी घातली. नाक एका काठाला, शेपूट दुसऱ्या काठाला. कॅनॉल बंद, आणि पूल तयार.

अँब्युलन्सवाली पोरगी होडीतून चालत इकडे आली. शीनाला सुई टोचली, पाय बांधला, स्ट्रेचरवर घेतलं आणि त्याच होडीतून, टेबलांच्या मधून, चहाच्या कपांवरून तिला पलीकडे नेलं. म्हातारी माणसं गुडघे आवळून बसली. एका आजीनं जाताजाता शीनाच्या हातात स्कोन ठेवला. कुत्राही मागोमाग चढला आणि पलीकडे उतरला. गिब सायकलीसकट अलीकडेच राहिला. जमिनीवरून उचललेला शीनाचा चष्मा त्याच्या खिशात होता, हे त्याला घरी आल्यावर कळलं.

गावानं त्याला वाखाणलं. बेकरीवालीनं केक पाठवला. गिब मात्र सायकलीला हात लावेना. तीन आठवडे. "मी चुकीचा काठ सांगितला," एवढंच म्हणायचा. मी म्हटलं, काठ कुणी विचारलाच नव्हता तुला. तो म्हणाला, "ड्रायव्हरला विचारायला लागतं का?" त्याला शरम वाटत होती की भीती, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यालाही येत नसावं.

शेवटी नेट्टानं त्याला चष्मा परत करायला म्हणून इस्पितळात ढकललं. मी बरोबर गेले. शीना उशांना टेकून बसली होती. चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाली, "ये, बस. रॉबचा पूल माहीत नाही म्हणतोस? लाज नाही वाटत?"

"कोण हा रॉब?"

"मला काय माहीत? माझी आई म्हणायची."

"त्याच्यावरून रोज आठ फेऱ्या मारल्या मी. त्याला आम्ही दुधाचा पूल म्हणायचो."

"दूध? कसलं दूध?"

"ते मलाही माहीत नाही."

तिथून जे सुरू झालं ते संपेना. नर्सनं दिलेल्या कागदावर शीना खालून नावं सांगायची, गिब वरून. तिच्या हिशेबी सात पूल, त्याच्या हिशेबी सहा. दोन तास भांडून कळलं की एक पूल तिनं दोनदा मोजला होता, कारण जाताना त्याचं नाव वेगळं आणि येताना वेगळं. मला वाटलं आता तरी गाठ सुटली. पण गिब घरी येऊन पुन्हा मोजायला बसला तर आठ भरले.

ती काठी घेऊन चालायला लागल्यावर दोघांनी पत्र्याच्या पट्ट्या रंगवून घेतल्या. वरच्या रस्त्याचं नाव खालच्याला वाचता यावं, एवढाच बेत. रीतसर परवानगीही काढली. पहिली पट्टी त्यांनी मोठ्या थाटात लावली, फोटो काढला, आणि आठवड्यानं लक्षात आलं की ती भलत्याच पुलाखाली लागलीय. काढायला गेले तर तिथे रोज फिरणारा एक माणूस भांडायला उठला. म्हणाला, "काढू नका. आता आम्ही याला त्याच नावानं ओळखतो." पट्टी अजून तिथेच आहे. बाकीच्या बरोबर आहेत असं शीना म्हणते.

गिबची नजर पुढच्या हिवाळ्यात आणखी आकसली. डॉक्टर म्हणाला, एकट्यानं सायकल नको. आम्हाला वाटलं, परत खिडकी. पण नेट्टानं, जिनं एकसष्ट वर्षांत सायकलवर पाय टाकला नव्हता, शेजारच्या मैदानात महिनाभर गुडघे फोडून घेतले आणि मग दोघांनी मिळून जुनी दोन बैठकांची सायकल आणली. पुढे नेट्टा, मागे गिब. ती म्हणते डावीकडे, तो म्हणतो उजवीकडे, आणि सायकल सरळ जाते.

परवा रविवारी दोघं जेवून निघाले, ते सहाला परतले. गालांवर रंग चढलेला, विजारी चिखलानं माखलेल्या. मी सूप गरम केलं आणि विचारलं, "कुठवर जाऊन आलात?"

"मिल्टनपर्यंत," नेट्टा म्हणाली. "राखी बगळा बघितला. केवढा!"

"मिल्टन आलंच नाही," गिब म्हणाला. "तो बगळा ट्वेचरचा."

"चर्च दिसलं मला."

"ते चर्च नव्हतं, पंपघर होतं."

"पंपघराला घंटा असते होय रे?"

गिबनं चमचा खाली ठेवला. "घंटा मीही ऐकली," तो म्हणाला, आणि ब्रेडचा तुकडा सुपात बुडवला.