अंत्याची खुर्ची

अनंता गेल्याचा फोन त्याच्या भावाने केला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "दुकानात खाली बोलावलं तर जिन्यातच छातीत कळ आली..." पुढचं मला ऐकू आलं नाही. महिना होत आला. सगळे त्याच्याबद्दल गोड बोलतात. मला तेवढं जमणार नाही. मी आयुष्यभर त्याच्यावर जळलो, अजूनही जळतो.

सिरसाळ्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी पुणं गाठलं. हा गावातच, भावाच्या खतांच्या दुकानावरच्या खोलीत बसून कर्नेलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर काम करायचा. तोरा असा, की त्याच्या खुर्चीत टेकलं तरी "ऊठ बे" म्हणणार. आमच्या कंपनीत एक आकडेमोड मधूनच चुकायची. मी आठवडेच्या आठवडे तिच्या मागे. काय चाललंय ते दिसावं म्हणून प्रोग्रॅममध्ये आकडा छापायची एक ओळ घातली, आणि चूक थांबली. ऐटीत अंत्याला कळवलं.

"गेली न्हाई बे, लपलीय. ती ओळ काढून बघ." काढली. चूक हजर.

दिवाळीत तोच घोळ घेऊन त्याच्याकडे गेलो. खालून भावाने हाक मारली. उठताना चष्मा, पेन, हातातलं काही असेल ते ओळीने मांडून जायचं, ही त्याची खोड. तो खाली असताना काकूंनी, त्याच्या आईने, वस्तू सरकवून टेबल पुसलं. परत येऊन न बघता पेनाला हात घातला, तर हातात अर्धा खाल्लेला पेरू. पेरू हातात फिरवत म्हणाला, "दत्त्या, प्रोसेसरचं बी हेच व्हायलंय."

प्रोसेसरच्या हातातले आकडे रजिस्टरमध्ये असतात. दुसऱ्या कामाला उठताना कर्नेल ते बाजूला ठेवतो, परतल्यावर जसेच्या तसे देतो. परतीच्या एका वाटेने मात्र एका रजिस्टरमध्ये भलताच, जुना आकडा परत येत होता. माझी छापायची ओळ मध्ये आली की तेच रजिस्टर नव्याने भरायचं, म्हणून चूक दिसत नव्हती. अंत्याने दोन ओळींत ते दुरुस्त केलं. काकू टेबल पुसत होत्या तेव्हा समोर मी बसलो होतो. डोळे मलाही होते. सुचलं त्याला. दुरुस्तीखाली त्याचं नाव लागलं, आणि चूक कळवणारा म्हणून त्याने माझंही घातलं. मला ते उष्टं वाढल्यासारखं वाटलं.

परवा सिरसाळ्याला गेलो. काकू वर घेऊन गेल्या. टेबलावर चष्मा, पेन, सुपारीची डबी, ओळीने... लगेच परत येणाऱ्याने ठेवावं तसं.

"त्या दिवाळीपासून त्याचं काय बी हलवत न्हाई मी," काकू म्हणाल्या. "कावून उबा राह्यलास? बस की तिथं. तुलाच समजतं त्यातलं."

त्या खुर्चीची मला किती वर्षं हाव होती. बसलो. पेनाकडे गेलेला हात मागे घेतला. काकू खाली गेल्या, तरी बराच वेळ तसाच बसून राहिलो. 'ऊठ बे' कोणी म्हटलं नाही.